तांब्याचे काम, क्रोमियमचा आधार

पैठण तालुक्याचे आजचे शेतीजीवन जायकवाडी धरणाच्या पाण्याभोवती उभे राहिले आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले, आणि सुमारे १०२ टीएमसी क्षमतेचा नाथसागर अस्तित्वात आल्यावर ज्या भागात ज्वारी, बाजरी, कापूस आणि तूर हीच पिके पिढ्यान्‌पिढ्या घेतली जात होती, त्या भागात ऊस आला. उसापाठोपाठ पैठणचा संत एकनाथ सहकारी साखर कारखाना आणि विहामांडव्याचा रेणुकादेवी शरद सहकारी साखर कारखाना यांसारख्या संस्था आल्या. गळीत हंगामात अशा कारखान्यांच्या आवारात चिपाडाचे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅसचे, जे ढीग लागतात, त्यांचा मोठा भाग बॉयलरमध्ये जातो आणि त्यातून वाफ व वीज मिळते. हा उपयोग चुकीचा नाही. परंतु चिपाड म्हणजे केवळ जळण नव्हे, आणि ते आणखी काय होऊ शकते या प्रश्नाचा पाठपुरावा केला की तो तांबे व क्रोमियम यांच्या एका काळ्या संयुगापाशी, कॉपर क्रोमाइटपाशी, येऊन पोहोचतो.

चिपाडात तीन मुख्य घटक असतात. सेल्युलोज हा कागदाला उपयोगी पडणारा तंतू, लिग्निन हा त्या तंतूंना चिकटवून ठेवणारा पदार्थ, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत असलेले हेमिसेल्युलोज. हेमिसेल्युलोजमध्ये पाच कार्बनांच्या साखरांच्या साखळ्या, म्हणजे पेंटोसान, विपुल असतात आणि कोरड्या चिपाडाच्या वजनात त्यांचा वाटा साधारणपणे चौथा हिस्सा भरतो. सौम्य गंधकाम्ल आणि दाबाखालची वाफ यांच्या साहाय्याने चिपाड १५० ते १८० अंश सेल्सियसपर्यंत तापवले की या साखळ्या प्रथम तुटून झायलोज ही साखर मोकळी होते, मग झायलोजच्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि फरफ्युरल नावाचा, हवेत ठेवल्यास काळवंडत जाणारा, बदामासारख्या वासाचा द्रव मिळतो. अमेरिकेत क्वेकर ओट्स या कंपनीने १९२२ साली ओटच्या टरफलांपासून फरफ्युरलचे औद्योगिक उत्पादन सुरू केले. मक्याची बुरकुंडे, सरकीची टरफले आणि उसाचे चिपाड हेही त्याचे मान्यताप्राप्त कच्चे माल असून यांतील शेवटचे दोन मराठवाड्याच्या ओळखीचे आहेत.

येथे थोडा हिशेब आवश्यक आहे, कारण या विषयावर होणाऱ्या उत्साही लिखाणात तो बहुधा नसतो. शंभर टन ऊस गाळला की २८ ते ३० टन ओले चिपाड निघते. त्यातील निम्मे वजन पाण्याचे असल्याने कोरडा पदार्थ चौदा-पंधरा टनच उरतो. पेंटोसानचे प्रमाण २५ टक्के धरले तर रसायनशास्त्राच्या नियमांनुसार कोरड्या चिपाडाच्या सुमारे १८ टक्के फरफ्युरल मिळायला हवे, पण तयार झालेले फरफ्युरल त्याच उष्ण आम्लात पुन्हा नष्ट होत राहते, आणि म्हणून प्रत्यक्ष उतारा याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. शंभर टन उसामागे दीड टनाहून कमी फरफ्युरल हा त्याचा अर्थ. आकडा लहान दिसतो. मात्र जळणाच्या भावाने मोजल्या जाणाऱ्या वस्तूतून रसायनाच्या भावाने विकली जाणारी वस्तू निघत असेल, तर त्या लहान आकड्याकडेही गांभीर्याने पाहावे लागते.

जगात तयार होणाऱ्या फरफ्युरलपैकी निम्म्याहून अधिक भागाचे पुढे फरफ्युरिल अल्कोहोल केले जाते. फरफ्युरलच्या रेणूत चार कार्बन व एक ऑक्सिजन यांचे पंचकोनी कडे असते, त्याला फ्युरान म्हणतात, आणि या कड्याच्या कडेला एक कार्बन-ऑक्सिजन जोडी लटकलेली असते. या जोडीवर हायड्रोजनचे दोन अणू बसवले की अल्कोहोल तयार होते. रेणूभारांचा हिशेब मांडला तर एक टन फरफ्युरलला केवळ २१ किलो हायड्रोजन पुरतो. अडचण हायड्रोजनच्या वजनाची नाही, तो नेमक्या जागी बसवण्याची आहे, कारण पंचकोनी कड्यातील दुहेरी बंधही हायड्रोजन स्वीकारायला तयार असतात आणि तेथे तो शिरला की हवा असलेला पदार्थ हातचा जातो. निकेल किंवा पॅलेडियम वापरले तर कडेही संपृक्त होऊन टेट्राहायड्रोफरफ्युरिल अल्कोहोल हे वेगळेच रसायन मिळण्याचा संभव असतो. जो पदार्थ स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो त्याला उत्प्रेरक म्हणतात, आणि अनेक शक्य क्रियांपैकी एकीचाच वेग वाढवण्याच्या त्याच्या गुणाला निवडक्षमता. फरफ्युरलच्या बाबतीत ही निवडक्षमता दीर्घकाळ ज्याने पुरवली तो उत्प्रेरक कॉपर क्रोमाइट होय.

या उत्प्रेरकाची कीर्ती विस्कॉन्सिन विद्यापीठातील होमर ॲडकिन्स यांच्यामुळे झाली. त्यांनी राल्फ कॉनर यांच्यासमवेत १९३१ साली कॉपर क्रोमाइटवरील हायड्रोजनीकरणाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले, आणि त्याच सुमारास कार्ल फोकर्स यांच्याबरोबर एस्टरांचे, म्हणजे आम्ल व अल्कोहोल यांच्या संयोगातून बनलेल्या संयुगांचे, थेट अल्कोहोलमध्ये रूपांतर करून दाखवले. हेच फोकर्स पुढे ब-१२ जीवनसत्त्व स्फटिकरूपात वेगळे करणाऱ्या गटाचे अग्रणी म्हणून ओळखले गेले. ड्यू पाँ कंपनीत विल्बर लेझियर याच दिशेने काम करत होते. शंभर ते तीनशे वातावरणांचा दाब आणि १०० ते २५० अंशांचे तापमान अशा परिस्थितीत ॲल्डिहाइड, कीटोन, एस्टर यांवर काम करणारा आणि बेंझिनच्या कड्याला सहसा हात न लावणारा हा उत्प्रेरक मौल्यवान धातूंच्या तुलनेत अत्यंत स्वस्त होता. खोबरेल तेलासारख्या तेलांच्या एस्टरांपासून साबण व डिटर्जंट उद्योगाला लागणारी लांब साखळीची अल्कोहोले बनवण्याचा उद्योग याच ज्ञानावर वाढला.

कॉपर क्रोमाइट म्हणजे तांब्याचा एक, क्रोमियमचे दोन आणि ऑक्सिजनचे चार अणू या प्रमाणात बनलेले ऑक्साइड. त्याची अणुरचना स्पिनेल या वर्गात मोडते. सिंधुदुर्गात कणकवलीच्या परिसरात आणि भंडारा जिल्ह्यात पवनीच्या बाजूला आढळणारे क्रोमाइट हे खनिजही याच वर्गातील असून त्यात तांब्याच्या जागी लोह असते. स्पिनेलमध्ये ऑक्सिजनचे अणू एकमेकांना लगटून थर रचतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत धातूंचे आयन बसतात. चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या चौफलकी पोकळीत तांबे आणि सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या अष्टफलकी पोकळीत क्रोमियम. तीन धनभार असलेल्या क्रोमियमला अष्टफलकी जागा इतकी मानवते की तो तेथून सहजी हलत नाही, आणि या संयुगाच्या चिवटपणाचे मूळ तेथे आहे. तांब्याची स्थिती वेगळी आहे. दोन धनभाराच्या तांब्याच्या आयनात डी-कक्षांतील नऊ इलेक्ट्रॉन असमान वाटले गेलेले असल्याने चौफलक चपटा होतो, त्यामुळे घनाकार असायला हवा तो संपूर्ण स्फटिक एका दिशेने सुमारे नऊ टक्के आखूड भरतो, आणि ५८० अंश सेल्सियसच्या आसपास तापवल्यावर पुन्हा घनाकार होतो. या विकृतीला यान-टेलर परिणाम असे नाव आहे. या संयुगाचा काळा रंग इतका टिकाऊ आणि उष्णता शोषणारा आहे की उच्च तापमानाच्या रंगलेपांत आणि सौरऊर्जा शोषणाऱ्या थरांत रंगद्रव्य म्हणूनही ते वापरले जाते.

उत्प्रेरक म्हणून बाजारात येणारा पदार्थ मात्र शुद्ध स्पिनेल क्वचितच असतो. ॲडकिन्सच्या पद्धतीत तांब्याच्या नायट्रेटचे द्रावण आणि अमोनिया मिसळलेले सोडियम डायक्रोमेटचे द्रावण एकत्र केले की तांबे, अमोनिया व क्रोमेट यांचा तपकिरी साका खाली बसतो. तो धुऊन, वाळवून ३५० ते ४५० अंशांपर्यंत तापवला की एका क्षणी तो आपोआप विघटित होऊ लागतो. अमोनिया क्रोमियमला सहा धनभारांवरून तीन धनभारांवर आणतो, वाफ व नायट्रोजन जोराने बाहेर पडतात आणि मागे कॉपर ऑक्साइड व कॉपर क्रोमाइट यांचे काळे, हलके मिश्रण उरते. ही क्रिया उष्णता सोडणारी आणि स्वतःलाच पुढे नेणारी असल्याने ती थोड्या थोड्या मात्रेत करावी लागते. बेरियमचे लवण थोड्या प्रमाणात घातल्यास उत्प्रेरक वापरात अधिक टिकतो, हेही त्याच काळात समजले. या कृतीतील एक गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागेल: अंतिम पदार्थातील क्रोमियम तीन धनभारांचे असले, तरी तेथे पोहोचण्याचा मार्ग सहा धनभारांच्या क्रोमियममधून जातो.

हायड्रोजनीकरणाच्या पात्रात हे काळे चूर्ण जसेच्या तसे काम करत नाही. आधी ते हायड्रोजनच्या प्रवाहात तापवून क्षपित करावे लागते, आणि ही क्रियाही उष्णता सोडते म्हणून सुरुवातीला हायड्रोजनमध्ये भरपूर नायट्रोजन मिसळून तापमान हळूहळू चढवतात. कॉपर ऑक्साइड लवकर धातुरूप होते. स्पिनेलमधील तांबे सावकाश बाहेर येते, आणि त्याच्या बाबतीत नोवोसिबिर्स्क येथील बोरेस्कोव्ह उत्प्रेरण संस्थेच्या संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. तांब्याचे आयन स्पिनेलच्या पृष्ठभागावर येऊन धातूचे चपटे कण बनतात आणि त्यांनी रिकाम्या केलेल्या जागेचा विद्युतभार भरून काढण्यासाठी हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपात स्फटिकाच्या आत शिरतो. ऑक्सिजन मिळाला तर तांबे पुन्हा आत परतू शकते. म्हणजे सांगाडा कोसळत नाही आणि तांब्याचे कण त्याच सांगाड्याला घट्ट धरून राहतात. प्रत्यक्ष उत्प्रेरण शून्य भाराच्या तांब्यावर होते की एक धनभाराच्या तांब्याचाही त्यात वाटा असतो, या प्रश्नावर अनेक दशके वाद चालला आहे, आणि क्रिया कोणती यावर त्याचे उत्तर अवलंबून असावे असे मानण्याकडे कल आहे. हायड्रोजनचा रेणू फोडून त्याचे अणू पुरवण्याचे मुख्य काम तांबे करते, याविषयी मात्र दुमत नाही.

फरफ्युरलच्या संदर्भात तांब्याचा गुण त्याच्या संयमात आहे. पॅलेडियम किंवा प्लॅटिनम यांच्या पृष्ठभागावर फरफ्युरलचा रेणू आडवा पसरतो, त्याचे पंचकोनी कडे धातूला चिकटते आणि मग त्या कड्याचेही हायड्रोजनीकरण होते किंवा ते तुटते. तांब्याच्या डी-कक्षा भरलेल्या असल्याने हे कडे त्याच्या जवळ येताच अपकर्षण जाणवते; त्यामुळे रेणू उभा राहतो आणि केवळ कडेच्या ऑक्सिजनच्या टोकाने धातूला स्पर्श करतो. जी जोडी पृष्ठभागाला लागलेली असते तिच्यावरच हायड्रोजन बसतो. वायुरूप फरफ्युरल १२० ते १५० अंशांच्या दरम्यान, वातावरणाच्या जवळपास असलेल्या दाबाखाली या उत्प्रेरकावरून नेले तरी काम होते, द्रवरूपात मात्र बराच अधिक दाब लागतो. तापमान फार वाढवले तर अल्कोहोलमधील ऑक्सिजनही निघून जाऊन मिथाइलफ्युरान बनू लागते. ज्याची क्रियाशीलता मध्यम आहे अशा धातूने, केवळ रेणूला कसे उभे करावे एवढ्या एका कारणाने, कित्येक पटींनी महाग धातूंवर मात करावी, ही उत्प्रेरणशास्त्रातील अतिशय सुंदर गोष्ट आहे.

फरफ्युरिल अल्कोहोलचे पुढचे मोठे गिऱ्हाईक ओतकाम आहे. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव यांसारख्या वसाहतींनी ज्या उद्योगाला महाराष्ट्रात नाव मिळवून दिले, त्या फौंड्री उद्योगात जड कास्टिंगसाठी वाळूचा साचा आणि कोअर बांधायला फ्युरान राळ वापरण्याची पद्धत रूढ आहे. या राळेचा मुख्य घटक फरफ्युरिल अल्कोहोल असतो. तीव्र आम्लाचा अंश मिसळताच ते भट्टीविना, साध्या तापमानाला घट्ट होते, साचा वितळलेल्या लोखंडाचा भार सोसतो आणि नंतर वाळूचा मोठा भाग पुन्हा वापरता येतो. मराठवाड्याचे चिपाड आणि पश्चिम महाराष्ट्राचे ओतकाम यांच्यामध्ये असा एक रासायनिक रस्ता निघतो, याची जाणीव साखरेच्या अर्थकारणावरील चर्चेत क्वचितच दिसते.

कॉपर क्रोमाइटचे इतर उपयोग येथे थोडक्यात नोंदवणे पुरेसे आहे. घन इंधनाच्या रॉकेटांत अमोनियम परक्लोरेट हा ऑक्सिजन पुरवणारा घटक असतो. कॉपर क्रोमाइटची थोडीशी मात्रा त्याचे विघटन कमी तापमानाला घडवून ज्वलनाचा वेग वाढवते, आणि पुण्यातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेसारख्या संस्था ज्या शास्त्रात काम करतात त्यात अशा ज्वलनवेग-नियामकांचा अभ्यास मूलभूत मानला जातो. दुसरा उपयोग ग्लिसरॉलचा. बायोडिझेलच्या निर्मितीत वजनाने सुमारे एक दशांश इतके ग्लिसरॉल उपपदार्थ म्हणून निघते. मिसुरी विद्यापीठातील गॅलन सप्स यांच्या गटाने २००५ साली कॉपर क्रोमाइट वापरून सुमारे २०० अंश तापमानाला आणि अवघ्या चौदा वातावरणांच्या आसपासच्या दाबाला त्याचे प्रोपिलिन ग्लायकॉल करून दाखवले, आणि २००६ साली त्यांना अमेरिकेचा हरित रसायनशास्त्रासाठीचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. एका क्रोमियमयुक्त उत्प्रेरकाला हरित रसायनाचा मान मिळाला, ही विसंगती तेव्हाही अनेकांना जाणवली असणार.

या विसंगतीचा विचार पैठणमध्ये बसून केला तर तो तात्त्विक राहत नाही. नाथसागराचे पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांना पिण्यासाठी जाते, १९८६ साली या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि तालुक्यातच पैठणची औद्योगिक वसाहत व बिडकीनचे मोठे औद्योगिक क्षेत्र आहे. सहा धनभारांचे क्रोमियम पाण्यात सहज विरघळते, जमिनीतून दूरवर झिरपते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गवारीत ते मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक म्हणून नोंदलेले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम प्रतिलिटर ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, आणि नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात सहा धनभाराचे क्रोमियम ०.१ मिलिग्रॅमच्या आत असले पाहिजे. उत्प्रेरक कारखान्यात बनवला तर साका धुतलेल्या पाण्यात क्रोमेट उतरते. बाहेरून आणून वापरला तर आयुष्य संपल्यावर तो घातक कचरा ठरतो, आणि उघड्यावर भाजला किंवा हवेत तापला तर तीन धनभारांच्या क्रोमियमचा काही भाग पुन्हा सहा धनभारांवर जाऊ शकतो. युरोपीय संघाने सोडियम डायक्रोमेटचा वापर २०१७ पासून विशेष परवानगीच्या अधीन आणला, तो याच कारणांमुळे.

मग क्रोमियम ठेवायचेच कशासाठी, हा प्रश्न उरतो, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा त्याच्या उत्तरात आहे. शुद्ध स्पिनेलच्या वजनात तांबे सुमारे २७ टक्के तर क्रोमियम ४५ टक्के भरते. ॲडकिन्सच्या मिश्रणातही, ज्यात स्पिनेलच्या जोडीला रेणूसंख्येने तेवढेच कॉपर ऑक्साइड धरले जाते, क्रोमियम वजनाने एक तृतीयांश असते. काम करणारा धातू तांबे आहे. क्रोमियमचे ऑक्साइड त्याचे कण एकमेकांपासून दूर ठेवते, कारण तांब्याचे सूक्ष्म कण नुसते सोडले तर तापमान वाढताच, पाण्यावरचे तुपाचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे व्हावेत तसे, ते एकत्र येतात आणि पृष्ठभाग घटून क्रियाशीलता ओसरते. क्रोमियम हा आधार आहे, आणि आधार बदलता येतो.

तो बदलण्याचे दोन भारतीय प्रयत्न विशेष लक्षणीय आहेत. पहिला हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचा. या संस्थेचे मूळ १९४४ साली हैदराबाद संस्थानाने स्थापलेल्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत आहे, आणि त्या वेळी पैठणही त्याच संस्थानात होते, हा योगायोग नोंदवण्याजोगा वाटतो. तेथील बी. एम. नागराजा, ए. एच. पद्मश्री आणि के. एस. रामाराव यांच्या गटाने २००३ पासून तांबे व मॅग्नेशियम ऑक्साइड यांचा क्रोमियमरहित उत्प्रेरक वायुरूप फरफ्युरलसाठी विकसित केला, आणि प्रयोगशाळेच्या पातळीवर त्याने फरफ्युरलचे फरफ्युरिल अल्कोहोलमध्ये अत्यंत उच्च प्रमाणात रूपांतर केले. मॅग्नेशियम ऑक्साइड स्वतः क्षारधर्मी असल्याने आम्लामुळे होणाऱ्या राळीकरणाला तेथे वाव कमी मिळतो. दुसरा प्रयत्न पुण्याचा. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सी. व्ही. रोडे यांच्या गटाने २०१० साली तांबे व ॲल्युमिनियम यांचा नॅनोकणांचा उत्प्रेरक ग्लिसरॉलसाठी मांडला. ॲल्युमिनियमही तांब्याबरोबर स्पिनेल बनवू शकतो, म्हणून येथे सांगाड्याची कल्पना तीच राहिली आणि फक्त विषारी घटक वगळला गेला.

एवढ्यावरून क्रोमियमचे दिवस संपले असे मात्र म्हणता येत नाही. चिपाडापासून आलेले फरफ्युरल प्रयोगशाळेतील बाटलीतल्या फरफ्युरलइतके स्वच्छ नसते. त्यात ॲसेटिक व फॉर्मिक आम्लांचे अंश आणि निष्कर्षणाच्या आम्लातून आलेले गंधकाचे अवशेष राहू शकतात, तांबे गंधकाने लवकर विषबाधित होते, आणि सेंद्रिय आम्ले मॅग्नेशियम ऑक्साइडसारखा क्षारीय आधार हळूहळू विरघळवू शकतात. शिवाय फरफ्युरल व फरफ्युरिल अल्कोहोल दोन्ही सहज राळ बनणारी संयुगे असल्याने उत्प्रेरकावर काजळीसारखा थर चढतो आणि तो ठरावीक काळाने हवेत जाळून काढावा लागतो. अशा जाळण्या-क्षपित करण्याच्या फेऱ्या सोसण्यात जुना क्रोमियमचा सांगाडा तरबेज आहे. नव्या आधारांची कसोटी काही तासांच्या प्रयोगात लागत नाही. ती महिनोन्‌महिने चालणाऱ्या संयंत्रात लागते.

जागेचा आणि ऊर्जेचा हिशेबही तितकाच कठोर आहे. चिपाड बॉयलरमधून काढले तर त्याच्या जागी जळण हवे. फरफ्युरल काढल्यानंतर उरणारा सेल्युलोज व लिग्निनचा चोथा जाळता येतो, पण तो ओला आणि आम्लयुक्त असतो, आणि फरफ्युरलच्या जुन्या पद्धती वाफ फार खातात. याउलट हायड्रोजनची बाजू साखर कारखान्याला अनुकूल आहे: पाण्याच्या विद्युत अपघटनाने एक किलो हायड्रोजन मिळवायला सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते, म्हणजे एक टन फरफ्युरलमागे अकराशे युनिटच्या आसपास, आणि सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्याला ही वीज स्वतःचीच असते. जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर सुरू आहे. पैठणपासून रस्त्याने काही तासांच्या आत असलेल्या त्या प्रयोगशाळेत गळीत हंगामातले खरे चिपाड, त्यातून निघालेले अशुद्ध फरफ्युरल आणि क्रोमियमरहित तांब्याचा उत्प्रेरक ही तिन्ही एकत्र आणून, गंधकाच्या किती अंशाला तांबे किती काळ तग धरते आणि किती फेऱ्यांनंतर आधार ढासळतो, एवढे मोजले गेले तरी पुढचा निर्णय आकड्यांवर घेता येईल. आणि ते मोजून होईपर्यंत नाथसागराच्या काठी कॉपर क्रोमाइटवर चालणारे संयंत्र उभारण्याचा कोणताही प्रस्ताव आला, तर त्यातील धुण्याच्या पाण्याचे आणि निकामी उत्प्रेरकाचे काय होणार, हे त्याच्या पहिल्या पानावर लिहिलेले असले पाहिजे.